पायदळ वारीत तीनदा पडलो, दोघांशी भांडलो, पुन्हा जाऊ का?

गुरुजी, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की मागच्या भादव्यात तुम्ही पहिल्यांदा शेगावला पायदळ गेले, चार दिवसांत तीनदा पडले, डावा घोटा मुरगळला, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या कॅनवरून सोबतच्या दोघांवर ओरडले, आणि घरी आल्यावर घोट्यापेक्षा ते ओरडणंच जास्त ठणकून राह्यलं. वय अडतीस. विचारता की तोल सांभाळणं शिकता येतं का, स्वभाव नरम होतो का, का हे जे काय आहे ते जन्माचंच.

दोन्ही येतं. जोडीनंच येतं, कारण माझ्या अनुभवात जो माणूस चिखलात पडतो तोच संध्याकाळी भांडतो, आणि कारणही तेच असतं, वातावरणानं एक ठरवलेलं असतं आणि याच्या डोक्यात दुसरंच असतं.

मी कास्तकार माणूस, मूर्तिजापूर तालुक्यात सहा एकर आहे, योगा-बिगा शिकवत नाही, डॉक्टर तर नाहीच. २००३ पासून पोळा झाला की करीच्या दिवशी आमच्या गावची मंडळी घेऊन निघतो, आडमार्गानं नव्वदेक किलोमीटर होतं, चार दिवस, आणि ऋषिपंचमीला समाधीचं दर्शन (गजानन महाराजांनी १९१० साली याच तिथीला देह ठेवला म्हणून ही पंचमी). चतुर्थीला घरोघरी गणपती बसत असतात तेव्हा आम्ही निंबा फाट्याच्या आसपास चिखल तुडवत असतो, त्यावरून घरचं बोलणं दरवर्षी ऐकतो, ते वेगळं.

आता हे चार दिवस म्हणजे वातावरण कसं, तर मघा संपत आलेल्या असतात नाही तर पूर्वा लागलेल्या असतात. जुनी माणसं मघाला सासूंचा पाऊस म्हणतात आणि पूर्वाला सुनांचा. आणि सासू-सुना एका घरात असल्यावर जे होतं तेच आभाळात होतं, सकाळी गवतावर दव, दहा वाजता ऊन असं लागतं की मान भाजते, दुपारी हवा हलत नाही, तीनला सातपुड्याकडून काळं येतं, वीस मिनिटं धो धो, आणि परत ऊन. दिवसात तीनदा भिजायचं अन् दोनदा वाळायचं. आषाढातली झड यापेक्षा बरी, सलग पडत असते, माणूस एकदा ओला झाला की झाला. भादव्याचं तसं नाही, तो तुम्हाला कशाचीच सवय होऊ देत नाही.

वरून आपली काळी माती. बाहेरचे लोक म्हणतात काळी माती काय सुंदर, त्यांना म्हणा एकदा पांदणीनं चाला. या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते यामुळंच, पाणी गेलं की आकसते. आणि अकोल्याच्या पुढं पूर्णेच्या खोऱ्यात गेलं की खारपाणपट्टा, तिथली माती त्याहून चेंगट, पाणी खाली मुरतच नाही, वर साबण लावल्यासारखी साय. पायाला लागली की अर्धा किलो, दहा पावलांत किलोभर, असं वाटते की बूट नाही पाट बांधला.

यात नवा माणूस काय करतो, पाय फसला की जोर लावून सरळ वर ओढतो. सरळ ओढला की खालून पोकळी धरते, माती सोडत नाही, जोर दुसऱ्या पायावर जातो, तो सरकतो आणि माणूस आडवा. आधी टाच उचला, थोडी तिरपी करा, आत हवा जाऊ द्या, मग पाय आपोआप निघतो. पाऊल अर्धं टाका. टोंगळा, म्हणजे गुडघा, ढिला ठेवा, ताठ टोंगळ्यानं चालणारा माणूस खुंट्यासारखा पडतो. टाकलेल्या पावलावर लगेच भार देऊ नका, पाऊल टेकवा, माती काय म्हणते ते बघा, मग भार. हे सांगायला वेळ लागतो, करायला अर्धा सेकंद. आणि हात मोकळे पाहिजेत गुरुजी, मोबाईल पिशवीत, अभंग लावायचे तर दुसऱ्याच्या मोबाईलवर.

नजर पायाखाली नको. हे कोणाला पटत नाही पण करून पाहा, तीन-चार पावलं पुढं बघत चाललं की शरीर सरळ राहते.

एक पैज लावतो. तुम्ही कुठं पडले ते लिहिलं नाही, पण तीनपैकी निदान दोनदा खोल चिखलात नसान पडले, पांदण सोडून डांबरीवर चढले तिथं पडले असान, आणि चार वाजल्यानंतर. चिखलात माणूस सावध असतो. डांबरी दिसली की हुश्श करतो, चाल वाढवतो, आणि तळव्याला चोपडलेली माती ओल्या डांबरावर लोण्यासारखी सुटते. आमचा नियम आहे, डांबरीवर चढण्याआधी प्रत्येकानं थांबून काठीनं, दगडानं, तुरीच्या काडीनं, ज्यानं जमन त्यानं तळवे खरवडायचे. दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांवर दरवर्षी कोणी ना कोणी कुरकुरतोच, आणि दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांत आधी खरवडत बसलेला असतो.

चार वाजताचं कारण असं. तोल आपण तीन गोष्टींवर धरतो, डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळवे-सांधे जे सांगतात ते. आभाळ भरून आलं की डोळे कमी पडतात, पायाला माती थापली गेली की तळव्याला काही कळत नाही, वीस किलोमीटर झाले की सांधे थकलेले. उरला कान, तो एकटा काय काय करन! म्हणून चारनंतर मी चाल मुद्दाम पाडतो, डांबरीवर ताशी चार किलोमीटर चालत असलो तर तीनवर आणतो. लोक म्हणतात अंधार पडन. पडू द्या. टॉर्च आहे.

घरी सराव करायचा असला तर आतापासून करा. सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहा, घासणं अर्धं झालं की दुसऱ्यावर. पंधरा दिवसांनी भिंतीजवळ उभे राहून तेच डोळे मिटून, पहिल्या दिवशी पाच सेकंदात हात भिंतीला जाईन, जाऊ द्या. आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास अनवाणी कुणाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चाला, पण उजेडात, आणि गवत वाढलं असलं तर काठी आपटत, त्या दिवसांत जनावरं धुऱ्यावरच असतात. घोटा एकदा मुरगळला की परत मुरगळतो, म्हणून हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त गरजेचं. अजूनही दुखत असन तर आधी डॉक्टरला दाखवा, मालीशवाल्याला नको.

फोडांचं थोडक्यात. ओला पाय आणि घासणं, दोन्ही मिळून फोड होतो. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, दोन-तीन जोड ठेवा आणि प्रत्येक मुक्कामी बदला. निघताना बोटांच्या मधात खोबरेल किंवा व्हॅसलीन. आमच्याकडं सुईत दोरा ओवून फोडातून काढायची आणि दोरा आतच ठेवायची पद्धत होती, मीही केली आहे, आता कोणाला करू देत नाही, त्या दोऱ्यावरूनच घाण आत जाते.

आता तुमचं दुसरं, ओरडणं.

मी स्वतः काय होतो ते सांगतो. पहिली सात-आठ वर्षं मी सगळ्यांच्या पुढं चालायचो. शिट्टी गळ्यात. कोण मागं राह्यलं की ओरडायचो, बायामाणसं लघवीला थांबल्या तरी घड्याळ पाहायचो, मला वाटायचं की शिस्त म्हणजे हेच. एका वर्षी दुसऱ्या दिवशी, काटेपूर्णा ओलांडून झाली होती, सकाळी सर येऊन गेलेली आणि मग असं ऊन निघालं की सोयाबीनच्या वावरातून वाफ दिसत होती. आमच्या गटात एक काका होते, साठीच्या वरचे, गावात माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. ते दोनदा म्हणाले, "बापू, जरा चक्कर येऊन राह्यली." मी म्हणालो, "काका, नाटकं नका करू, बोरगाव आलंच." हे माझे शब्द आहेत, बदलून सांगत नाही. पाव किलोमीटर पुढं ते रस्त्याच्या कडेला बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. बोलणं बरळल्यासारखं, अंग तापलेलं. एका पोरानं मोटरसायकल आणली, मधात काका, मागं मी धरून, असं दवाखान्यात नेलं. वाचले. दोन दिवस सलाईन लागलं.

पावसाळ्यात उष्णता लागत नाही असं समजणारा मी एकटा नाही. मे महिन्यात नवतपात सगळे जपतात, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. पण पाऊस येऊन गेल्यावरच्या उन्हात घाम येतो अन् वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होते. चक्कर, डोकं ठणकणं, मळमळ, पायात गोळे, हे कोणी बोलून दाखवलं की त्याला तिथंच सावलीत बसवायचं, दुपट्टा ओला करून मानेला-काखेला, वारा घालायचा, आणि एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ करून घोट घोट पाजायचं. बोलण्यात गोंधळ झाला, ओळख पटेनाशी झाली तर पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी टाकत १०८ ला फोन. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं. ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी काका परत आले. मला वाटलं काहीतरी बोलतील. नाही बोलले. पहिल्या दिवशी माझ्या जोडीनं चालायला लागले आणि मी चाल वाढवली की ते तेवढीच ठेवायचे, मी मागं वळायचो, थांबायचो. दुपारपर्यंत मी त्यांच्या चालीवर आलेलो होतो. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "बैल हाकलताना तुतारी लागते रे बापू, पण तू तर सवताले टोचून राह्यला." (तुतारी म्हणजे बैल टोचायची काठी.)

तेव्हापासून मी शेवटी चालतो. पुढं सगळ्यांत हळू माणूस. हा नियम काढला त्या वर्षी तरण्या पोरांनी तोंडं वाकडी केली, आता तीच पोरं चाळिशीची झाली, त्यांना गोड लागते. हळू माणूस पुढं असला की गट तुटत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला मागं राह्यल्याची लाज वाटत नाही. लाजेनं माणूस पाणी मागत नाही, थांबत नाही, पडतो. मागून चालताना मला सगळ्यांचे पाय दिसतात. कोणाची टाच घासून राह्यली, कोणाचा खांदा एका बाजूला गेला, हे पुढं शिट्टी घेऊन चालणाऱ्याला कधीच दिसत नाही.

तुमचं भांडण पाण्याच्या कॅनवरून झालं म्हणता, आणि तिसऱ्या दिवशी. मला नवल नाही वाटलं. तिसऱ्या दिवशी खारपाणपट्टा लागतो, हापशी दिसते पण पाणी मचूळ, पिलं तर पोट बिघडते, म्हणून कॅनचं पाणी मोजून द्यावं लागते, आणि मोजायची वेळ आली की माणसाचा खरा रंग निघतो. त्यात तुम्ही दुपारी नीट खाल्लेलं नसणार. बहुतेक जण उन्हात जेवत नाहीत, चारला पोट रिकामं, पाय ओले, आणि मग शेजारच्याचा खोकलाही सहन होत नाही. साडेतीनला मी सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटतो, नको म्हणणाऱ्याला आधी. सांगितलं तर हसान, पण अर्धी भांडणं या फुटाण्यांनी थांबली.

उरलेल्या अर्ध्यांसाठी एक नियम. मुक्कामी पोचल्यावर पाय धुऊन, पुसून, कोरडं घालून झाल्याशिवाय मी कोणाची तक्रार ऐकत नाही. माझीही कोणाला सांगत नाही. तिथं शाळेच्या ओट्यावर बादली ठेवलेली असते, रांगेत बसायचं, चिखल निघायला वेळ लागतो, नखांतला तर काडीनं काढावा लागतो. एकानं दुसऱ्याच्या पायावर पाणी टाकायचं, हे सोय म्हणून सुरू झालं कारण तांब्या एकच होता. ज्याच्याशी वाजलं त्याच्याच पायावर पाणी टाकायची पाळी आली की गंमत होते. धुऊन झाल्यावर विचारलं, काय म्हणत होता रे, तर बहुतेक वेळा "काही नाही, जाऊ द्या."

पण नरमपणा म्हणजे सगळ्याला हो म्हणणं असं समजू नका. दोन ठिकाणी मी अजिबात ऐकून घेत नाही. एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. रपट्यावरून पाणी वाहत असलं, गढूळ, खालचा दगड दिसत नाही, तर थांबायचं, मग तासभर लागो का रात्र होवो. वीतभर जोराच्या पाण्यानंही उभा माणूस पडतो, टोंगळाभर म्हणजे विषयच नाही, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतोच, "काय होते, मी तर लहानपणापासून पोहतो." पोहणं वेगळं अन् रपट्यावरून वाहून जाणं वेगळं. साधा संथ ओहोळ असला, तळ दिसत असला, तर काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवून, तोंड पाण्याकडं करून, पाय न उचलता सरकवत जायचं, आणि पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला.

दुसरी वीज. आपल्याकडं सपाट वावर, मधात एखादी बाभूळ नाही तर निंब, आणि पाऊस आला की सगळे तिकडंच पळतात. झाडाखाली नाही म्हणजे नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईस्तोवर मोजायचं, तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर ती दहाएक किलोमीटरच्या आत आहे, पक्कं घर, शाळा, देऊळ गाठायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर नाही यायचं. काहीच जवळ नसलं तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि एकमेकांपासून अंतर ठेवून. पुण्याच्या आयआयटीएमनं काढलेलं दामिनी अ‍ॅप आहे, जवळपास वीज पडत असली की सांगते, रेंज असली तर. हे सगळं ओरडून सांगावं लागलं तर मी ओरडतो, आणि त्या ओरडण्याचं मला रात्री काही वाटत नाही. तुमच्या कॅनवाल्या ओरडण्यात आणि यात काय फरक, ते तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळते.

वयाचं तुम्ही लिहिलं म्हणून सांगतो. विनोबा १२ सप्टेंबर १९५१ ला पवनारहून दिल्लीला पायी निघाले तेव्हा आदल्याच दिवशी त्यांना छप्पन्न पूर्ण झाले होते, तब्येत काटकुळी, आणि सप्टेंबर म्हणजे हेच आपले पूर्वा-उत्तराचे दिवस, वर्ध्याची हीच काळी माती. मग भूदानासाठी तेरा वर्षं चालत राह्यले. पहाटे अंधारातच निघायचे, उन्हाच्या आधी टप्पा संपवायचा. मी हे त्यांच्याकडून नाही, चटके खाऊन शिकलो, पण आम्हीही आता पहाटे चारला निघतो आणि दहा ते तीन सावलीत पडून राहतो. तुमच्या गटानं सकाळी आठला निघून भर दुपारी चालणं केलं असन तर चूक तुमच्या एकट्याची नाही.

काठीचं राह्यलं. काठी घ्याच, पण पेठेतली गुळगुळीत नको, बांबूची, खांद्याच्या खाली येईल एवढी, आणि हात वरून धरायचा नाही, जिथं कोपर सहज वाकते तिथं धरायचा. तिच्यावर रेलून चालायचं नाही. ती विचारायला असते, पुढं खोल आहे का, दगड हलतो का.

तर पुन्हा जाऊ का म्हणता. जा. आणि ज्या दोघांवर ओरडले त्यांना फोन करून सांगा की येता का, ते यायला कचरत असतील तर तेही तुम्हीच सोपं करा, मेसेज नको, आवाजात बोला. आषाढात झड लागली की एखाद्या रविवारी आमच्याकडं या, पाच-सहा किलोमीटर पांदणीनं नुसतं जाऊन येऊ, पडले तर आमच्याच वावरात पडान, कोणी पाहणार नाही.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाला या. त्या दिवशी खांदशेकणी असते, वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतो आणि त्यांच्या कानात म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आमच्या म्हातारीनं एका वर्षी बैलांचं उरलेलं तूप उचलून आम्हा चालणाऱ्यांच्या तळव्यांना लावलं, तेव्हापासून ते दरवर्षीचंच झालं. तुमच्या डाव्या घोट्याला जरा जास्त लावायला सांगतो.